शैलजानं पाटी राखली

अर्विंग या अमेरिकन शहरातल्या मराठी बायकांमध्ये शैलजा बोकारेचं नाव निघालं की आधी हसू यायचं. का येणार नाही? चव्वेचाळीस वर्षांची बाई, इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी, मंडळाच्या पॉटलकला न चुकता पुडाची वडी आणणारी, आणि दर शनिवारी सकाळी काळा पायजमा-डगला चढवून एका चिनी म्हाताऱ्याकडे मारामारी शिकायला जाते! "अगं, झुंबा कर ना यार," असं तिची मैत्रीण दीपा तिला शंभरदा सांगून दमली. शैलजा हसून घ्यायची आणि पुढच्या शनिवारी कोपर काळंनिळं करून घरी यायची.

हसणाऱ्यांना अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट ठाऊक नव्हती. एका दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये एका माणसानं तिला गाडीवर आपटलं, पर्स हिसकावली आणि जाता जाता, काही कारण नसताना, पोटात लाथ घातली. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. लाथेपेक्षा तेच तिच्या जिव्हारी लागलं. नवरा श्रीराम म्हणाला, "जाऊ दे, कार्ड्स कॅन्सल केलीत ना?" तिनं जाऊ दिलं नाही. कपडे धुवायचं लॉन्ड्रोमॅट आणि थ्रेडिंगचं दुकान यांच्यामधल्या चिंचोळ्या गाळ्यात फांग मास्तरांची शाळा होती, दारावर लाकडी पाटी, पाटीवर चार चिनी अक्षरं. ती आत शिरली आणि म्हणाली, "मला मारायला शिकवा."

फांग एके काळी भिक्षू होते. चीनमधल्या कुठल्याशा डोंगरातल्या मठात वाढले. तान नावाचा त्यांचा गुरुबंधू होता. दोघंही मठ सोडून पळाले, आणि पळाल्यापासून एकमेकांच्या जिवावर उठले. फांग सांगायचे की तानानं गुरूवर हात उचलला, म्हणून मठाची राखरांगोळी झाली. तान काय सांगायचा, ते फांगांच्या शाळेत विचारायची कोणाची छाती नव्हती. इतकी वर्षं तान न्यू यॉर्ककडे होता. गेल्या वसंतात तो अर्विंगमध्ये आला आणि फांगांच्या शाळेसमोरच्या पार्किंग लॉटच्या पलीकडे, बंद पडलेल्या गाद्यांच्या दुकानात, त्यानं स्वतःची शाळा उघडली. मुद्दामच. दुसरं कारणच नव्हतं.

मग सुरू झालं. एप्रिलमध्ये तानाच्या पोरांनी फांगांच्या एका विद्यार्थ्याचं नाक फोडलं. मेमध्ये दुसऱ्याचा गुडघा असा उलटा वाकवला की तो आजही काठी घेऊन चालतो. शैलजानं फोन काढला आणि म्हणाली, "पोलिसांना बोलावू." फांगांनी तो फोन तिच्या हातातून घेऊन चहाच्या किटलीशेजारी ठेवला. "घरातलं भांडण आहे," ते म्हणाले, "घरातच संपेल."

कसं संपतं, तेही त्यांनीच सांगितलं. एका शाळेचा गुरू दुसऱ्या शाळेच्या दारात येतो आणि पाटीला हात लावतो. मग दोन्हीकडून एकेक शिष्य उभा राहतो. ज्याचा शिष्य पडून उठत नाही, किंवा दुसऱ्या गुरूसमोर गुडघे टेकून डोकं खाली ठेवतो, त्याची पाटी उतरते. पाटी उतरली की शाळा संपली. त्या गुरूनं पुन्हा कोणाला शिकवायचं नाही. आणि शिष्य म्हणजे फी भरणारा कोणीही नव्हे. ज्यानं गुरूसमोर जमिनीला कपाळ लावलं, त्यांना चहा दिला आणि गुरूनं डोक्यावर हात ठेवला, तोच शिष्य. फांगांचे असे शिष्य तीन. एक सिएटलला गेला, एकाचा हा मोडका गुडघा. उरली शैलजा.

जूनमधल्या एका शनिवारी, सकाळी दहाला, तान आला. पंचाहत्तरीचा, वाळका, डोकं तुळतुळीत. त्यानं पाटीवर तळवा टेकवला. त्याच्या मागून त्याचा शिष्य आत आला आणि शैलजाच्या पायाखालची जमीनच सरकली. तो देव होता. दीपाचा देव! तेवीस वर्षांचा, सहा फुटी, जिममध्ये ट्रेनर. धाकटीच्या वेळी दीपा हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा पाच वर्षांचा हा पोरगा तीन आठवडे शैलजाकडे राहिला होता आणि तिच्याशिवाय कोणाच्या हातून जेवत नव्हता.

"काकू, प्लीज," तो हळूच म्हणाला. "गो होम. आय डोन्ट वाँट टु हर्ट यू."

"हात वर कर," शैलजा म्हणाली.

पहिली लाथ मांडीवर बसली, दुसरी बरगड्यांवर. आत काहीतरी मोडलं. त्यानंतर तिला पुरता श्वास घेता येईना. ती पुढे घुसली आणि त्याच्या गळ्यावर कोपर हाणलं. तो खोकत मागे सरला आणि तिथूनच त्यानं उलट्या हातानं तिच्या तोंडावर ठेवून दिली. दात ओठात घुसला. लाकडी जमिनीवर रक्ताचा सडा पडला आणि त्याच रक्तावरून तिचा पाय घसरला. देव थांबला. बस झालं का, अशा नजरेनं त्यानं तानाकडे पाहिलं. तान एकच शब्द बोलला, चिनीत. देवाचा चेहराच बदलला. त्यानं तिचा डावा हात धरला आणि करंगळी मागे मोडली. शैलजा अशी किंचाळली की लॉन्ड्रोमॅटमधल्या बायका बाहेर धावल्या.

पण त्या किंकाळीनं देव दचकला. तेवढंच हवं होतं. करंगळी सोडून त्याचा हात क्षणभर मोकळा, सरळ राहिला. तिनं मनगट पकडलं, गर्रकन वळली, त्याच्या कोपराखाली खांदा घातला आणि सगळा भार टाकून खाली बसली. काडकन आवाज झाला. देव आडवा पडला आणि "मम्मी" म्हणून ओरडला. तेवीस वर्षांचा पोरगा! तो काही उठला नाही.

जिंकली होती शैलजा. पाटी वाचली होती. पण तिचं लक्षच नव्हतं तिकडे. तान येऊन देवाशेजारी बसला होता. त्यानं स्वतःचा कमरपट्टा सोडला, तो मोडका हात अलगद छातीशी बांधला आणि बाहीनं पोराचं कपाळ पुसलं. काय पुटपुटत होता कोण जाणे, पण आवाज मायेचा होता. आणि शैलजाला भरून आलं. काय केलं मी हे? दीपाला कुठल्या तोंडानं सांगू? समोर एक म्हातारा माणूस होता, त्याच्या लेकरासारख्या पोराचा हात तिनं मोडला होता. नागपूरच्या घरात चुकलं की जे करायचं तिला शिकवलं होतं, तेच तिचं अंग करून गेलं. ती गुडघ्यांवर आली आणि तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

तानानं हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आपण काय करून बसलो, ते तिला कळलं खुर्ची सरकल्याच्या आवाजानं. फांग मास्तर खुर्चीवर चढून स्वतःच्या हातांनी पाटी काढत होते.

"अहो, नाही! मी जिंकलेय!" ती मराठीतच ओरडली.

जमिनीवरून देव ओरडला, "नो, नो, दॅट्स जस्ट नमस्कार! वी डू दॅट! आय डू इट टु माय ग्रँडमा!" हात मोडलेला, घामानं डबडबलेला, तरी तिच्यासाठी भांडत होता.

तानानं ऐकून घेतलं. मग तो उठला, शैलजासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. "असेल," तो तुटक इंग्रजीत म्हणाला. "शिष्य गुरूवर हात उचलत नाही. मी तुझा गुरू नसेन, तर मार मला."

"मार," खुर्चीवरून फांग म्हणाले.

शैलजानं तानाकडे पाहिलं. गालफडं बसलेली, पापण्यांचे केस पांढरे. त्याच्या घोट्याचं हाड तिच्या कपाळाला अजून लागत होतं. तिनं पाटीकडे पाहिलं. एक खिळा निघाला होता, एक उरला होता. या पाटीखाली तिला आवाज सापडला होता, मणक्यात ताठपणा सापडला होता. अकरा वर्षं! ती एकदा पाया पडण्यापायी घालवायची?

तिनं मारलं. उजव्या हाताची मूठ, अगदी शिकवली होती तशी. तानाचं डोकं मागे फेकलं गेलं, दोन दात निखळले. त्यानं हात पाठीमागून काढलेच नाहीत. मग एक हात पुढे घेऊन दात तळव्यात थुंकले, फांगांना वाकून नमस्कार केला आणि तो दाराकडे वळला. खुर्चीवर फांग मास्तर हसत होते, टाळ्या पिटत होते. चाळीस वर्षांच्या वैराचं हसू ते. शैलजाला ते बघवलं नाही.

देव भिंतीला धरून उठला. तिच्यापाशी येऊन थांबला. तो कधी धड मराठी बोलत नसे, पण त्या वेळी बोलला.

"काकू, पण तू त्यांच्या पाया पडली होतीस."

राग नव्हता त्याच्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

तानाची शाळा महिन्याभरात बंद झाली. फांग थकले आहेत. शनिवारचा वर्ग आता शैलजाच घेते. पाटी जागेवर आहे, विद्यार्थी दुप्पट झालेत. दीपा फोन उचलत नाही, ते ठीकच आहे. नोव्हेंबरमध्ये शैलजाची आई, पद्मिनीबाई, नागपूरहून आल्या. विमानतळावर ट्रॉली ढकलत बाहेर आल्या, लेकीला पाहून थांबल्या, सवयीनं आशीर्वादाचा हात वर केला. शैलजा पुढे झाली, आणि समोर नुसती उभी राहिली. दोन्ही हात अंगाशी, वाकताच येईना.

"काय गं, कंबर दुखते का?" पद्मिनीबाई म्हणाल्या.

"हो," शैलजा म्हणाली, आणि बॅग उचलून गाडीकडे चालू लागली.