करंजी घाटातला विजय

नगरहून तिसगावला जाणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी एका पागोटेवाल्याला खिडकी मिळाली. त्याच्या कानाशी ट्रान्झिस्टर होता आणि कसोटी सामन्याचा शेवटचा दिवस होता. "खिडकीपाशीच आवाज धरतो," असं तो म्हणताच एक जाडजूड गृहस्थ आपणहून उठले. मंत्र्यासाठीही कोणी इतक्या खुशीनं उठत नाही.

"गुरुजी, फुडं सरका," कंडक्टर म्हणाला आणि मी पागोट्याशेजारी उभा राहिलो. तिसगावच्या शाळेच्या फळ्यावर मी रोज बातम्या लिहीत असे, म्हणून मीही कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही.

"चौका!" तो ओरडला. गाडीनं टाळ्या वाजवल्या.

"पावसाचं काय सांगत्यात रं?" एका म्हातारीनं विचारलं.

त्यानं बाहेरच्या उघड्याबोडक्या डोंगराकडे पाहिलं. "यील म्हन्त्यात, आज्जे. आदी मॅच सरू दे."

घाटाच्या वळणावर तो कलला आणि ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण सरकलं. आत सेलच नव्हते. आमची नजरानजर झाली. मी एक शब्द बोललो असतो तर त्याची खिडकी गेली असती, आणि गाडीनं त्याला घाटातच उतरवलं असतं.

"सेल कुठायत?" मी हळूच विचारलं.

"गुरुजी," तो कुजबुजला, "सेल असते तर हारलो बी असतो."

घाट संपेपर्यंत आपण जिंकलो. कंडक्टरनं त्याला तंबाखू मळून दिली.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. सामना अनिर्णित राहिला होता. फळ्यावर मी मंत्र्यांचं भाषण लिहिलं, हवामान लिहिलं आणि खेळाची जागा कोरी ठेवली. तिसगाव अजून खुशीत होतं.