दुकानापुढचा बोकड

जर्मनीत एर्लांगेनला मुलाच्या घराजवळ बिअरचं दुकान आहे. जाहिरातीसाठी त्याच्या दारात दर शनिवारी एक माणूस बोकडाचं सोंग घेऊन उभा असायचा. मोठी शिंगं, खोटी दाढी आणि पोटावर बिअरचा कापडी मग. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो शिंगांनी हळूच ढुशी द्यायचा. लोक खिदळायचे आणि आत शिरायचे. म्हाताऱ्यांनाही तो सोडायचा नाही. मला मात्र खूर छातीशी धरून वाट करून द्यायचा. बायको गेल्यापासून सगळे माझ्याशी असंच वागतात, मयताला आल्यासारखं.

एकदा सुनेबरोबर बाजाराला निघालो होतो, तेव्हा वैतागलो. म्हटलं, "काय रे बोकडा, मी काय घोडं मारलंय तुझं?"

जर्मन भाषेत बोकडाला 'बॉक' म्हणतात, आणि त्या दुकानातल्या कडक बिअरलाही तेच. माझ्या 'बोकडा'तलं त्याला तेवढंच कळलं. "या, या, बॉक," असा जर्मनमध्ये होकार देत तो सोंगाच्या आतून हसला आणि सुनेशी काहीतरी बोलला.

"बाबा, तो म्हणतोय, तुमचा चेहरा बघून त्याची हिंमत होत नाही."

"त्याला सांग, चेहरा असाच राहणार. तू ढुशी दे."

त्यानं दिली, चांगली कमरेत. मी पडता पडता वाचलो आणि अशी गावरान शिवी हासडली, की घरात माझ्याशी दबक्या आवाजात बोलणारी सून भररस्त्यात खो-खो हसली.