काउलिंगचे तीन स्क्रू

“काका, थांबा! स्क्रू फिरवू नका! आत कोणीतरी आहे!”

निसार असा ओरडला, की माझ्या हातचा स्क्रूड्रायव्हर उडाला तो भाट्याहून थेट मुरुडच्या दर्यात पडला असणार. अजून सापडलेला नाही.

निवृत्तीआधी मी विमानांच्या मेंटेनन्समध्ये होतो. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूचे कण नसतील इतके स्क्रू फिरवलेत. आखातातून परतलेला निसार भाट्याला घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं विमान बांधत होता. उरलं होतं काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं फायबरचं टोपडं. ते फायरवॉलच्या कडेला स्क्रूंनी बसतं. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि पायलट यांच्यामधली भिंत. इथं ती प्लायवुडची, पुढून स्टीलचा पत्रा.

पण संध्याकाळी घट्ट केलेले खालचे तीन स्क्रू सकाळी ढिले. आणि भर दुपारी, वारा पडलेला असताना, फायरवॉलमधून आवाज. ठक. ठक. ठक.

मी बोटानं तीनदा वाजवलं. आतून तीनदा उत्तर आलं. अंगावर काटा आला तो असा, की शर्टाला भोकं पडली.

“स्क्रू जातात ती कडेची पट्टी कसली लावलीस?” मी विचारलं.

“आंब्याची. अब्बांनी लावलेलं झाड, वादळात पडलं. जन्मभर जहाजावर राबले, विमानात कधी बसले नाहीत. म्हटलं, गेल्यावर तरी त्यांना घेऊन उडू.”

“अरे, आंबा किडतो! इंजिनचे खालचे बोल्ट ह्याच पट्टीतून गेलेत. हवेत सुटली, तर अब्बांना भेटायलाच जाशील. ती काढ, नाहीतर मी चाललो घरी.”

निसार बराच वेळ पट्टीवरून हात फिरवत राहिला. मग इंजिन साखळीला टांगलं, पट्टी उतरवली. टोक फोडलं तर आत अंगठ्याएवढी पांढरी अळी. खोडकिडा! त्याचा बोगदा बोल्टच्या भोकाला भिडलेला. अळी कोंबडीनं गिळली.

विमानाच्या कामाचं सुकवलेलं लाकूड मागवून नवी पट्टी बसवली. आठ दिवस एक स्क्रू हलला नाही. धडा एवढाच: माया सीटवर बसवावी, बोल्टखाली नाही.

नवव्या दुपारी निसारची अम्मी चहा घेऊन शेडमध्ये आली. टेबलावर ती जुनी, पोकळ पट्टी पडली होती.

ठक. ठक. ठक.

निसारनं बशी खाली ठेवली. “अम्मी, अब्बा रागावले. मी त्यांना विमानातून उतरवलं ना!”

अम्मीनं पदरानं पट्टीवरची धूळ पुसली.

“रागावतील कशाला? उंचीची भीती होती त्यांना. त्या आंब्यावरसुद्धा कधी चढले नाहीत.”