सासूच्या कानाशी

मला लेखन शिकवायची नोकरी हवी होती. त्या सकाळी कॉलेजात नमुन्याचा तास घ्यायचा होता. आमच्या शिंप्याच्या घरातला मी पहिला पदवीधर, तेव्हा भाषणही भारदस्तच लिहिलं होतं. जयलक्ष्मीपुरमच्या बसमध्ये ते पुटपुटत बसलो होतो.

शेजारी केसांत मोगरा माळलेली एक बाई, आणि तिच्या पलीकडे तिची जवळजवळ बहिरी सासू.

"काय म्हणतोय गं तो?" सासूने विचारलं.

मला चेव आला. मोठ्याने वाचलं, "विद्यार्थ्यांच्या अंतःकरणातील विचारांस सुस्पष्ट अभिव्यक्तीचे सामर्थ्य प्राप्त करून देणे, हेच लेखनशिक्षणाचे अंतिम उद्दिष्ट होय!"

बाईने हातांचा कर्णा केला आणि सासूच्या कानाशी ओरडली, "पोरांना मनातलं लिहायला शिकवणार!"

"मग तेवढंच म्हण की रे, बाबा!" सासू म्हणाली. अख्खी बस हसली.

बाई कानडी हेल काढून म्हणाली, "रागावू नका, सर. ओरडून सांगायचं म्हटलं की जास्तीचं आपोआप गळतं, अल्वा? खरं ना?"

मला 'सर' म्हणणारी ती पहिलीच! भाषण खिशात कोंबलं आणि वर्गात शिरताच म्हणालो, "समजा, समोर बहिऱ्या आजी बसल्यात. मनातलं त्यांना ओरडून सांगा, मग तेच लिहा." वर्गात असा काही कल्ला झाला की शेजारचे मास्तर डोकावले. मुलं लिहीत होती, भराभरा!

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा अप्पांचं शिलाई मशीन धडधडत होतं. सांगायचं खूप होतं. दारातूनच ओरडलो,

"अप्पा, लागली!"

मशीन थांबलं.