फ्लेक्स आधी, व्हिसा नंतर

"परशराम, आधी तो फ्लेक्स उतरव. मग बोलू."

समोर बसलेला माणूस मान खाली घालून टेबलाकडे बघायला लागला. त्याच्या गावात, येळ्ळूरच्या बसस्टॉपसमोर त्याचा फेटा बांधलेला फोटो टांगलेला होता. वर 'इंग्लंड दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा' आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या गल्लीचे चेहरे. त्यातले दोन चेहरे आत्ता त्याच्यामागे खुर्च्या ओढून बसले होते. इंग्लंडने मात्र त्याला दोनदा नकार दिला होता.

टिळकवाडीत माझं छोटं ऑफिस आहे. मी व्हिसाचं काम करते. लोकांना वाटतं, व्हिसा मीच देते. मी फक्त अर्ज नीट भरून देते. देणारे वेगळे, आणि ते आपल्याला कधी दिसतही नाहीत.

परशराम उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होता. मोल्डर म्हणजे वाळूचा साचा करून त्यात वितळलेलं लोखंड ओतणारा. बायको रेणुका नर्सिंग शिकलेली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती इंग्लंडला एका केअर होममध्ये, म्हणजे थकलेल्या म्हाताऱ्यांची देखभाल होते तिथे, नोकरीला लागली. पाठोपाठ हा जाणार असं ठरलं होतं. ती पोचल्यावर कळलं की त्या कामावरच्यांना नवऱ्याला बोलावून घेता येत नाही. तिथे माणसं कमी, त्यामुळे तिला मोठी रजाही मिळेना. दोन वर्षं नवराबायको फोनवर संसार करत होते. आता एकच रस्ता उरला होता. टूरिस्ट म्हणून जायचं, भेटायचं, परत यायचं.

"पहिल्या अर्जात काय लिहिलं होतंस?"

"राजवाडा बघायला जातो म्हणून."

"आणि रेणुका?"

"तिचं नाव घातलंच न्हाय. बायको तिथं हाय म्हटलं की देत न्हाईत म्हणाली पोरं."

मागे बसलेल्या दोन्ही पोरांनी माना डोलावल्या. रेणुकाच्या कागदांत नवरा म्हणून याचं नाव होतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि दुसऱ्या वेळी?"

आता त्याचा चेहरा उजळला. "दुसऱ्यांदा एकदम क्लिअर केलं, मॅडम. नोकरीच सोडली. म्हंजे रजेचा प्रश्नच न्हाय!"

मी कपाळाला हात लावला. व्हिसा बघणाऱ्याच्या मनात एकच शंका असते, हा माणूस परत जाईल का? आणि आमच्याकडे मोठ्या कामाला निघायचं म्हणजे आधी सगळं मोकळं करायचं, फेटा बांधायचा, सत्कार घ्यायचा आणि मग निघायचं. परशरामने परतीची दोरी स्वतःच्या हाताने कापली होती, आणि गल्लीने त्याबद्दल त्याला हार घातला होता.

मी त्याला घेऊन उद्यमबागेत त्याच्या जुन्या फाउंड्रीत गेले. मालकांनी त्याच्याकडे न बघताच मला विचारलं, "काम चांगलं आहे त्याचं, मी परत घेतो. पण मॅडम, बायको तिथं असताना हा येईल माघारी?"

"येतो की, मालक. जबान देतो," परशराम म्हणाला.

"तुझी जबान राहू दे. मॅडम, हा आला नाही तर मी तुमच्या दारात येईन."

खरं सांगायचं तर माझाही विश्वास नव्हता. असे गेलेले आणि तिकडेच विरघळलेले मी पाहिलेत.

तो पुन्हा कामाला लागला. काही महिन्यांनी आम्ही तिसरा अर्ज केला. त्यात बायको लिहिली, दोन्ही नकार लिहिले, पंधरा दिवसांची रजा लिहिली. लपवण्यासारखं काही ठेवलंच नाही.

व्हिसा आला. पासपोर्ट न्यायला परशराम एकटाच आला, हातात कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स घेऊन. "रेणुकाला लई आवडतोय."

"दुधाचं काही नेता येत नाही तिकडे."

तो बॉक्स त्याने माझ्या टेबलावर ठेवला. पासपोर्ट मात्र दोन्ही हातांनी धरला.

तो गेला. रजा संपत आली तसा मालकांचा फोन. "मॅडम, पाहुण्याचा पत्ता?" मी उगीच हसले. फोन ठेवल्यावर कॅलेंडरवर दिवस मोजले.

सोमवारी संध्याकाळी परशराम ऑफिसात आला. शर्टाला फाउंड्रीची काळी वाळू. सकाळीच ड्यूटीवर हजर झाला होता. माझा जीव भांड्यात पडला.

"भेटलास?"

"व्हय." तो खुर्चीवर टेकला. "एक दिवस तिची ड्यूटी सुटायची वाट बघत भाईर हुबा होतो. काचेतनं आतलं दिसत होतं. एक म्हातारी ताट ढकलत होती, कुणाचंच ऐकंना. रेणुका तिच्यापुढं गुडघ्यावर बसली. हात धरला. इंग्लिशमधनं कायतरी बोलत बसली, लई येळ. मग त्या म्हातारीनं तोंड उघडलं. पैला घास खाल्ला." त्याने शर्टावरची वाळू झटकली. "ओतकाम चालू असताना आमच्यात कोण बोलत न्हाय, मॅडम. श्वास बी हळू घेतोय आमी. तसा हुबा होतो मी. माझी बायको हाय ती, पर मी तिला पैल्यांदाच बघितलं."

तरी धंद्याचा प्रश्न तोंडातून निघालाच. "राहावंसं नाही वाटलं?"

"वाटलं की. आपल्या खानापूरकडचाच एकजण भेटला. हॉटेलात काम देतो, ऱ्हा म्हणाला. पर मी लपून ऱ्हायलो आनि तिच्या दारात पोलीस आलं, तर तिची नोकरी गेली असती. मग त्या म्हातारीला कोण जेवू घालणार?"

अर्जासाठी मी लोकांना परत येण्याची कारणं विचारते. लोक जमीन सांगतात, नोकरी सांगतात, आईवडील सांगतात. हे कारण मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्याला स्वतः चहा करून दिला.

पुढच्या वर्षी त्याला पुन्हा जायचंय. या वेळी कागद भक्कम आहेत, कारण वेळेवर परत आलेल्या माणसाला दुसऱ्या शिफारशीची फारशी गरज पडत नाही. गल्लीतली पोरं 'दौरा यशस्वी' असा नवा फ्लेक्स छापायला निघाली होती. परशरामने त्यांना थांबवलं.

"छापायचाच असंल तर तिचा छापा," म्हणाला.