एक नंबरची नोंद

एका मेलेल्या माणसाला कामावर ठेवणारा कारखाना मी पाहिला आहे. लपवण्यात अर्थ नाही, त्याला पुन्हा हजर मीच करून दिलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोरपन्याजवळच्या एका लहान चुना कारखान्यासाठी मी संगणकाचा प्रोग्राम लिहिला. भट्टीचा पंखा कोणी सुरू केला, कोणी बंद केला, याची तो एका फाइलीत ओळीने नोंद करी: वेळ, काम आणि शेवटी ऑपरेटरचा नंबर. प्रत्येकाने आपला नंबर टाकूनच बटण दाबायचं.

१ हा नंबर तिथल्या पहिल्या ऑपरेटरचा. कायम तंबाखू चघळणारा तो म्हातारा आदल्या वर्षी तापाने गेला. मी त्याचा नंबर काढायला निघालो, तर कामगार म्हणाले, "राहू द्या ना भाऊ. जागा अडवून राह्यला का तो?" राहू दिला.

मे महिन्यातल्या एका दुपारी वादळ आलं. भट्टीवर चौदा नंबरचा ऑपरेटर होता, त्या म्हाताऱ्यानेच शिकवलेला. वीज गेली ती तासन् तास आली नाही. भट्टी विझली, माल वाया गेला. वीज आल्यावर मॅनेजरने फाइल उघडली. शेवटची ओळ अशी: पंखा बंद, १.

मॅनेजरचा हिशेब सरळ होता. चौदा नंबर जागेवर नव्हता, दुसऱ्याच कोणी मेलेल्याचा नंबर टाकून पंखा बंद केला. जागा सोडली म्हणून चौदा नंबरला कामावरून काढायचं. त्याआधी फाइलीची खात्री करायला मला चंद्रपूरहून बोलावलं.

मी पोचलो तर संगणकाशेजारी चहाचा ग्लास, वर साय धरलेली.

"कोनाचा हा?"

"एक नंबरचा," एक जण म्हणाला. "सकाळपासून ठेवला. आजून पेला नाई."

सगळे हसले. ग्लास मात्र कोणी हलवला नाही. मीही नाही.

चौदा नंबरला मी बाजूला घेतलं. "तू होतास ना इथी?"

"होतो न भाऊ. लाईट मंद झाली. मंद झाली का मोटर जळते, पंखा आधी बंद करा लागते, त्यानंच शिकवलं. बटन माह्याच बोटानं दाबलं. पन हात माहा नोता."

"हे मॅनेजरले सांगतलं?"

"सांगतलं."

"काऊन सांगतलं बे? नोकरी जाईन तुही."

"तुमचा कम्पुटरच तं म्हनून राह्यला."

म्हणत होता खरा. भर उन्हाची वेळ, तरी त्या बंद खोलीत मला तंबाखूचा वास आला. मी आणि चौदा नंबर, दोघेही तंबाखू खात नव्हतो.

मग मी फाइलीचा आकार पाहिला. पाचशे बाराने नि:शेष भाग गेला. भुतं इतकी हिशेबी नसतात, म्हणून मला जरा धीर आला. माझा प्रोग्राम प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर लिहीत नसे. आधी मेमरीत साठवायचा, पाचशे बारा अक्षरांचा गठ्ठा भरला की एकदम टाकायचा. गठ्ठा भरला तो नेमका १४ मधल्या १ वर. ४ मेमरीतच राहिला आणि विजेबरोबर गेला. बाकी प्रत्येक ओळीला संपल्याची न दिसणारी खूण होती, या एका ओळीला नव्हती. आणि अर्धी ओळ पुरी म्हणून वाचून दाखवण्याचा आगाऊपणा माझा.

फाइलीची नक्कल काढून ती शेवटची ओळ उडवली, म्हणजे गठ्ठा पुन्हा तिथेच भरेल. मॅनेजरसमोर चौदा टाकून बटण दाबलं आणि प्लग उपटला. मशीन पुन्हा चालू केलं: पंखा बंद, १. त्याने पुन्हा करायला लावलं. पुन्हा १.

"म्हणजे चूक तुमची," मॅनेजर म्हणाला.

"सगळी."

चौदा नंबरची नोकरी वाचली. मी प्रोग्राम बदलला. प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर, शेवटी एक फुली. मशीन सुरू होताना शेवटच्या ओळीला फुली नसेल, तर तिच्यापुढे 'अर्धवट' लिहून पुढचं काम नव्या ओळीवर. अर्धी ओळ खोडायची नाही आणि खरीही धरायची नाही.

चौदा नंबर फाटकापर्यंत सोबत आला. मी आभाराची वाट पाहत होतो.

"म्हनजे भाऊ, तो आला नोता?"

"नाई."

तो भट्टीकडे वळला.

"मंग आता लाईट मंद झाली का मले एकट्यालेच करा लागन," असं म्हणून तो परत गेला.