सरांच्या पुस्तकातली चार पानं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, रोज तासभर फोनवर बोलणाऱ्या बहिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायची माझी छाती नाही.

मी कोल्हापूरची. पुण्यात फ्रेंच शिकले आणि पीएचडीसाठी मॉन्ट्रियलला आले. माझे मार्गदर्शक मूळचे फ्रान्सचे, तरुणपणी इथे येऊन राहिलेले, शाळांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक. बाकीचे विद्यार्थी त्यांना सरळ नावाने हाक मारत. मला ते जमेना, मी सरच म्हणत राहिले. सर काही गोडबोले नव्हते. एखादी तारीख चुकली तर दिवसभर बोलत नसत. पण माणूस सरळ. पुढे ते निवडणुकीला उभे राहिले, निवडून आले आणि थेट प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. मी त्यांच्याबरोबर फोटो काढून घरी पाठवला. बाबांनी तो गल्लीभर दाखवला.

सांगायचं ते हे नाही. मी आपली इकडचं तिकडचं बोलत बसले आहे — सवयच आहे.

निवडणुकीच्या आधी सरांचं पुस्तक आलं होतं. सर टिपणं हाताने कार्डांवर लिहीत, मी ती टाइप करायची आणि कार्डं रिसायकलिंगमध्ये टाकायची, अशी आमची पद्धत. एका प्रकरणाची कार्डं मात्र अपुरी होती. उरलेलं मी क्वेबेक सिटीच्या दप्तरखान्यात जाऊन, जुन्या कॉन्व्हेंट शाळांचे कागद वाचून भरायचं होतं. तीन तासांची बस, बाहेर उणे पंचवीस. मी गेलेच नाही. आमच्याबरोबरची मिरेय त्याच शाळांवर प्रबंध लिहीत होती. तिचा कच्चा मसुदा माझ्याकडे होता — वाचून काय वाटतं ते सांग, म्हणून तिनेच विश्वासाने दिलेला. त्यातली चार पानं मी उचलली. वाक्यं थोडी पुढेमागे केली आणि सरांना देऊन टाकली. कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

हीच ती चूक, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. तेवढंच असतं तर एव्हाना कोणाला तरी सांगून मोकळी झाले असते.

सर मंत्री झाल्यावर एका पत्रकाराने ती पानं आणि मिरेयचा प्रबंध शेजारी शेजारी ठेवून छापले. विद्यार्थिनीचं लिखाण चोरणारा शिक्षणमंत्री — अजून काय हवं? त्या दुपारी सरांचा मला फोन आला. रागावले नव्हते. एवढंच विचारलं, ती पानं कुठून आली होती, तुला आठवतं का?

माझी पाचावर धारण बसली. पीआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, फाइल अडकलेली होती, कॉलेजातली नोकरी नवी होती, आणि तीही सरांच्याच शिफारशीची. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा डोक्यात काय होतं तेवढं सांगते. मी म्हणाले, तुमच्या कार्डांवरचीच होती सर, मी जशीच्या तशी टाइप केली.

   मिरेयचेही मार्गदर्शक तेच, तिचा प्रबंध त्यांनी वाचलेला. मग हळूच म्हणाले, म्हणजे तिच्यातून टिपून घेताना मी तिचं नाव लिहायला विसरलो. आणि वर मला म्हणाले — तू काळजी करू नकोस.

कार्डं तर मीच फेकली होती. ते बिचारे बघणार तरी कशात?

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. माइकसमोर उभे राहून म्हणाले, चूक माझी आहे, मिरेयची मी माफी मागतो. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी ते फोनवर पाहिलं. शेजारी बसलेली बाई म्हणाली, दीज पीपल, ही राजकारणातली माणसं असलीच. मी मान हलवली.

पुढच्या सप्टेंबरात बाजारात सर आणि त्यांच्या पत्नी भेटल्या. सर टोमॅटो निवडत होते, मला बघून मनापासून खूश झाले. त्यांच्या पत्नीने मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, पुस्तकाचा दुसरा भाग त्यांनी सोडून दिलाय. चार ओळी लिहिल्या तरी आधी मला दाखवतात, हे कुणाचं उचललेलं नाही ना, बघ म्हणतात. अगं, घरमालकाला लिहिलेलं पत्रसुद्धा. डॉक्टर म्हणतात, स्मरणशक्तीला काही झालेलं नाही. तू तर इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंस, तुला काय वाटतं?

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेव्हा तर पीआरही हातात आलेला होता, नोकरी पक्की होती, भ्यायचं असं काहीच उरलं नव्हतं.

वय झालं की होतं असं, मी म्हणाले.